सात नंबरवर लाल नव्हतं

माझ्या भाच्याला वाटतं की ही गोष्ट त्याच्या वयाच्या लोकांनी शोधून काढली. तो पिंपळे गुरवहून रोज हिंजवडीला कंपनीच्या गाडीतून जातो, निम्मं आयुष्य त्या रस्त्यावर अडकून काढतो, आणि रविवारी माझ्याकडे जेवायला आला तरी लॅपटॉप घेऊनच येतो. एकदा मी त्याच्या मागे उभी राहून बघत होते. पडद्यावर इंग्रजी मजकूर होता आणि प्रत्येक ओळीच्या आधी आणि नंतर टोकदार कंसात एकेक शब्द. हे काय म्हणून विचारलं, तर लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "आत्या, ही खुणांची भाषा आहे. यात ओळ कशी दिसावी ते लिहायचं नाही. ती काय आहे तेवढं सांगायचं. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही सूचना. मोबाइलवर ती एक प्रकारे दिसेल, मोठ्या पडद्यावर दुसऱ्या प्रकारे. दाखवणारा त्याचं तो बघून घेतो."

"आणि सांगणाऱ्यानं खोटं सांगितलं तर?"

तो हसला. "खोटं कशाला सांगेल कुणी, आत्या?"

मी स्वयंपाकघरात गेले. आमटी उतू जात नव्हती, तरी गॅस बारीक केला आणि तिथेच उभी राहिले. त्याला सांगावंसं वाटत होतं, पण एवढ्या वर्षांत मी ते त्याच्या बापालाही सांगितलेलं नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी ते गाव सोडून पिंपरीत आले. गावात आमच्या वाट्याला जी कामं येत ती त्यांना करायची नव्हती. तेव्हा इथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उठत होते आणि माणसं लागत होती. दादा आधी एका कारखान्याची भिंत बांधायला गेले आणि भिंत पुरी झाल्यावर तिच्या आत गेले. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या विभागात लागले. तिथेच वीसेक वर्षं त्यांनी तापलेली वाळू उपसली. घरी आले की आधी अर्धा तास खोकायचे, मग चहा.

त्यांना अक्षर येत नव्हतं. विहारातल्या संध्याकाळच्या वर्गाला ते जायचे खरे, पण दिवसभराच्या कामानं मान टाकायचे. मी सातवीत असताना हट्टानं त्यांना सही शिकवली. महिना लागला. माझ्या पाटीवर ते आपलं नाव असं गिरवायचे की पेन्सिल मोडायची. ज्या दिवशी पगाराच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही केली, त्या दिवशी पेढे घेऊन आले आणि चाळीत वाटले. लोकांना वाटलं, माझंच काहीतरी ठरलं.

वाचता येत नव्हतं म्हणून दादांनी त्यांची स्वतःची खूण धरली होती, ती म्हणजे लाल. घरात फिनेलच्या बाटलीला आईनं लाल चिंधी बांधलेली असे, कारण एकदा दादांनी अंधारात ती तोंडाला लावली होती. तेव्हापासून लाल दिसलं की ते हात मागे घेत. कारखान्यातही तसंच. फलकावर काय लिहिलंय ते कळत नसे, पण लाल ओळ किती आणि कुठे आहे ते बघून ते मशीनशी वागत. तिथली निम्मी माणसं तशीच वागत होती.

मी मॅट्रिक झाले, चिंचवडला टायपिंगच्या क्लासला गेले, मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षा दिल्या, आणि दादांच्याच कारखान्यात टेंपररी म्हणून लागले. तेव्हा सत्तरची वर्षं संपत आली होती. माझं काम असं होतं. कारखान्यात जेवढी मशीनं तेवढे कागद. मशीन सुरू कसं करायचं, तेल कुठे घालायचं, काय करायचं नाही, हे इंजिनीअर लोक वेड्यावाकड्या अक्षरात लिहून देत आणि मी ते दोन्ही भाषांत टाइप करी. त्या एका कागदाला पुढे तीन वाटा फुटत. एक प्रत पेंटरकडे जाई, तो मराठी मजकूर पत्र्यावर रंगवी आणि पत्रा मशीनवर टांगला जाई. दुसरी पुण्यातल्या छापखान्यात, पुस्तकासाठी. आणि तिसरी आमच्याच इमारतीतल्या कॉम्प्युटर विभागात. तिथे पंचिंगच्या मुली इंग्रजी मजकूर कार्डांवर भोकं पाडून उतरवत आणि कपाटाएवढं ते यंत्र तो गिळून लांबलचक कागदावर पुन्हा बाहेर टाके.

मी कागदाच्या समासात काय लिहायची, तर "लाल. मोठं अक्षर. वर दोन बोटं जागा सोडा." मला वाटे, किती व्यवस्थित काम करते मी. एकदा छापखान्यानं समासातलं वाक्यही मजकुरातलंच समजून छापून टाकलं. पुस्तकात आलं, "मोटर सुरू करण्यापूर्वी वर दोन बोटं जागा सोडा." एक फिटर पुस्तक घेऊन आमच्या विभागात आला आणि प्रामाणिकपणे विचारू लागला की जागा नक्की कशाच्या वर सोडायची. सगळे हसले आणि मी दोन दिवस कँटीनला गेले नाही.

त्यावर कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांनी मला बोलावलं. बारीक माणूस, हळू बोलणारा, परदेशात काही महिने शिकून आलेला. त्यांच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे, त्याचाच मला राग होता.

"बाई, हे 'लाल' कुणासाठी लिहिता?"

"पेंटरसाठी."

"छापखान्याकडे लाल शाई आहे?"

"नाही."

"आणि आमच्या प्रिंटरकडे?"

"तुमच्या प्रिंटरकडे काय आहे ते मला कसं ठाऊक असणार?" मी म्हणाले. टेंपररी होते, पण जीभ परमनंट होती.

ते चिडले नाहीत. म्हणाले, "नाही. एक काळी फीत आणि नुसती मोठी इंग्रजी अक्षरं. मग आता सांगा, ही ओळ लाल का हवी आहे?"

"हात जाईल म्हणून."

"मग तेच लिहा ना. समासात एकच शब्द लिहा. धोका. रंग कुठला, अक्षर केवढं, हे तुम्ही ठरवायचं नाही. ओळ काय आहे ते तुम्ही सांगा. पेंटर ती लाल करेल, छापखाना चौकटीत घालेल, आमचं यंत्र भोवती फुल्या मारेल. ज्याचं त्याला कळतं."

त्यांनी चारच शब्द ठरवून दिले. शीर्षक, पायरी, टीप, धोका. प्रत्येक ओळीसमोर यातला एक शब्द आलाच पाहिजे, आणि दुसरं काही येता कामा नये. घरी जाऊन मी आईला सांगितलं की एक उंटावरचा शहाणा आलाय. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "बरोबर सांगतोय की त्यो. मी माहेरी गेले की तुमी मीठ शोधत बसता. मी सांगते दुसऱ्या फळीवर, निळ्या झाकणाचा डबा. तू सगळं हलवून ठेवतीस. डब्यावरच मीठ म्हणून लिवलं असतं तर कुठं का ठेवंना."  आईलाही वाचता येत नव्हतं, तरी तिला ते माझ्याआधी कळलं.

पुढे मला ते काम आवडायला लागलं. आवडायला लागलं म्हणजे किती, तर बसमधून जाताना दुकानांच्या पाट्यांवर मी मनातल्या मनात शब्द लावत असे. हे शीर्षक, ही टीप. एकदा सेफ्टीच्या लोकांनी ठरवलं की लाल अक्षरांमागे पिवळा पट्टा हवा. पूर्वी असतं तर मला शेकडो कागद पुन्हा टाइप करावे लागले असते. आता पेंटरच्या भिंतीवर कुठल्या शब्दाला कुठला रंग याची यादी होती, तिच्यात फक्त धोक्यापुढची ओळ बदलली. माझ्या एकाही कागदाला कुणी हात लावला नाही. साहेब त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

आणि मग त्यांनी एक वेगळीच यादी काढून दाखवली. यंत्राला सांगितलं की सगळ्या कागदांतल्या धोका म्हटलेल्या ओळी तेवढ्या वेचून एका जागी आण. ते सांगकाम्यासारखं खडखडलं आणि शॉपवार, म्हणजे कारखान्यातल्या एकेका विभागाची, यादी बाहेर आली. ती सेफ्टीच्या माणसाकडे जायला लागली. दर सोमवारी पहिल्या शिफ्टच्या आधी तो एकेका शॉपमध्ये उभा राहून त्या ओळी मराठीत मोठ्यानं वाचायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्या कानावर तरी पडायचं. मी समासात एक शब्द लिहिला की मशीनवरची ओळ लाल होत होती, पुस्तकात चौकट येत होती आणि सोमवारी शॉपमध्ये तेच वाक्य ऐकू येत होतं. माझ्यासारख्या बाईच्या हातात एवढं कधी आलं नव्हतं.

दादांना मी हे सगळं सांगितलं. त्यातलं त्यांना एकच कळलं. ते फाउंड्रीत सांगत सुटले, "फलकावरचं लाल माझी पोरगी करती."

गडबड या धोक्यांच्या यादीनंच झाली. तिची एक प्रत मुंबईच्या ऑफिसला जाऊ लागली आणि तिथून प्रत्येक ओळीवर विचारणा येऊ लागली की या धोक्यावर काय उपाय केला, कधी केला. बाकीच्या शॉपची यादी अर्ध्या पानाची असे. प्रेस शॉपची दोन पानं भरायची, कारण प्रेस हे मशीनच तसं. वरून काही टनांचा घाव येतो, खाली पत्रा असतो, आणि पत्रा माणसानं हातानं ठेवायचा असतो. प्रेस शॉपच्या मॅनेजरना ती दोन पानं म्हणजे हात दाखवून अवलक्षण वाटली. त्यांनी आमच्याकडे एक चिठ्ठी पाठवली. आठ ओळींचे नंबर होते आणि खाली लिहिलं होतं की या ओळी धोका नसून टीप आहेत, तशी दुरुस्ती व्हावी. वर कारखान्याच्या मोठ्या साहेबांची सही होती.

त्या आठांतली एक ओळ सात नंबरच्या प्रेसची होती. मला ती पाठ होती, अजून आहे. मोटर बंद केल्यावरही मोठे चाक काही वेळ फिरत राहते. चाक पूर्ण थांबेपर्यंत डायमध्ये हात घालू नये. डाय म्हणजे साचा, जिथे पत्रा दाबला जातो ती जागा. मोटर बंद असली तरी चाकात जोर शिल्लक असतो. तेवढ्यात पाय पॅडलवर पडला तर घाव खाली येतो. आठ आणि दहा नंबरच्या प्रेसवरही हीच ओळ होती, पण त्यांचे नंबर चिठ्ठीत नव्हते. का नव्हते ते मला आजतागायत कळलेलं नाही. बहुधा आठ ओळी झाल्यावर थांबले असतील.

मी चिठ्ठी घेऊन कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांकडे गेले. त्यांनी ती आधीच पाहिली होती.

"सर, हे खोटं आहे."

"हो."

"लाल नको असेल तर पेंटरला काळं करायला सांगू. पण ओळ धोकाच राहू दे. निदान यादीत तरी राहील."

"मी तेच म्हणालो त्यांना. त्यांना रंगाचं काही नाही. त्यांना ती यादीत नको आहे." ते थोडा वेळ टेबलावरच्या कार्डांच्या कडा जुळवत बसले. "बाई, मी सगळं नीट केलं होतं. शब्द चारच ठेवले, गोंधळ होऊ नये म्हणून. चुकीचा शब्द आला तर यंत्र कार्ड बाहेर टाकतं, तेही केलं. पण बरोबर शब्द चुकीच्या ओळीला लावला तर त्याला कसं कळणार? ते आपल्यावर विश्वास ठेवतं."

मग म्हणाले, "वाक्य आपण काढत नाही आहोत."

हे ते माझ्यासाठी म्हणाले की स्वतःसाठी, कोण जाणे. वाक्य खरंच कुणी काढलं नाही. त्यातला काना-मात्राही हलला नाही. माझी परमनंटची ऑर्डर त्याच महिन्यात निघायची होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो, की मारणाराही शेजारी बसून मारच खात असतो. मी जागेवर आले, आठ कागद काढले, आठ ठिकाणी धोका खोडून टीप टाइप केलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

चार दिवसांनी पेंटर आला. हातात सात नंबरचा पत्रा. मराठवाड्याकडचा माणूस होता, मला ताई म्हणायचा.

"ताई, हे लाल खरवडून काळं करायचं म्हणतेत. परवाच तर पिवळा पट्टा मारला की मी. धोका गेला का मग?"

"कागदावर टीप आहे," मी म्हणाले.

"कागदावर हाय ते बघितलं. म्हणून तर इचारायलो."

मी टायपरायटरमध्ये कागद चढवत राहिले. तो पत्रा घेऊन गेला.

पुढे काही महिने काहीच झालं नाही. हेच वाईट असतं. मी परमनंट झाले, सोमवारचं वाचन लवकर संपायला लागलं, प्रेस शॉपची यादी दीड पानावर आली. माझं मनही हळूहळू निवलं. प्रेसवरची माणसं मुरलेली होती, त्यांना चाकाचं सगळं ठाऊक होतं. फलक न वाचताही त्यांचे हात बरोबर चालत. मीही स्वतःला तेच सांगत असे.

मग दादांचा खोकला वाढला आणि कंपनीच्या डॉक्टरनं फाउंड्रीतून हलवा म्हणून लिहून दिलं. हलकं काम. एक दिवस संध्याकाळी मी घरी आले तर दादा दारात बसून चहा पीत होते, खुशीत होते.

"उद्यापासून प्रेसवर. माणूस रजेवर गेलाय, त्याच्या जागी. वाळू न्हाई, धूर न्हाई. बसून काम."

"कुठल्या नंबरवर?" मी विचारलं.

"सात."

मी चप्पल न काढता तिथेच बसले. म्हणाले, "दादा, नीट ऐका. मोटर बंद केली तरी चाक फिरत असतं. ते पुरतं थांबल्याबिगर आत हात घालायचा नाही."

दादा हसले. त्यांना माझी काळजी आवडली होती. "अगं, मी आज जाऊन बघून आलो ना. उगं बसंन व्हय? समदे फलक फिरून बघितले. आठवर लाल हाय, धावर लाल हाय. सातवर लाल न्हाई. नवं मशीन असंल."

"नवं नाही दादा. तिन्ही एकसारखीच आहेत."

"मग लाल का न्हाई?"

मी वाकून चपलेचा पट्टा सोडवायला लागले. 

"धोका असता तर तूच लाल केलं असतंस न्हवं?" दादा म्हणाले. ते विचारत नव्हते. मलाच धीर देत होते.

ते एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता? दादा, तिथे लाल होतं, मीच काढलं. मला नोकरीची भीती नव्हती, ती तर पक्की झाली होती. मला लाज वाटली. ज्या पोरीनं त्यांना सही शिकवली, जिचं नाव ते अख्ख्या फाउंड्रीत सांगत फिरले, तिनं हे केलं, हे त्यांच्या तोंडावर सांगायची लाज. मी एवढंच म्हणाले, "तरीपण चाक थांबू द्या."

"व्हय बाय, देईन थांबू," ते म्हणाले आणि उरलेला चहा बशीत ओतून मला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांकडे गेले. ती ओळ पुन्हा धोका करा, मी म्हणाले, माझे वडील तिथे बसले आहेत. साहेब उठून उभे राहिले. फोन केला. प्रेस शॉपचे मॅनेजर दौऱ्यावर होते. मोठ्या साहेबांच्या सहीशिवाय शब्द बदलता येणार नाही असं त्यांच्या माणसानं सांगितलं. साहेबांनी अर्ज लिहिला, मी टाइप केला, आम्ही दोघांनी मिळून तो वर नेऊन दिला. ट्रेमध्ये ठेवा, तिथला कारकून म्हणाला. मी पेंटरकडेही गेले. तो म्हणाला, "कागद आणा ताई, आत्ता लाल करतो. कागदाबिगर केलं तर माझी भाकर जाईल." त्याचं काय चुकलं? त्याला सगळ्यांनी तेच तर शिकवलं होतं, मी सुद्धा, की कागदावर जे असेल तेच खरं. दुपारी मी स्वतः प्रेस शॉपच्या दारापर्यंत गेले. बायकांना आत सोडत नसत. दारातून सात नंबर दिसत होता आणि दादांची पाठ. आवाज एवढा की हाक मारून उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला साच्यात पत्रा अडकला. दादांनी मोटर बंद केली. सुपरवायझर कामाला घाई करत होता. त्यांनी हात घातला.

मला कुणीतरी सांगायला आलं तेव्हा मी टाइप करत होते. ती ओळ अर्धी तशीच राहिली.

दवाखान्यात दादांचा उजवा हात पांढऱ्या गुंडाळ्यात होता, केवढा तरी मोठा. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली होती. मला बघून ते आधी म्हणाले, "तुझ्या आईला एकदम सांगू नको." मग थोड्या वेळानं, "मोटर बंद व्हती बाय. मी बंद केली व्हती." ही तक्रार नव्हती. त्यांना खरोखरच कळत नव्हतं की त्यांचं कुठे चुकलं. मी म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही. एवढं तरी मी खरं बोलले.

अपघाताचा कागद घेऊन ऑफिसचा माणूस आला. त्यानं खाली फुली मारून दाखवली, सही करा म्हणाला. दादांनी डाव्या हातात पेन धरून पाहिलं. पहिल्या अक्षराची दांडी तेवढी झाली, तीही तिरपी. ते बराच वेळ त्या दांडीकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन माझ्याकडे दिलं आणि डावा अंगठा पुढे केला. माणसानं शाईची डबी उघडली. मी त्यांचं मनगट धरून कागदावर अंगठा टेकवला.

आमचा अर्ज अपघातानंतर दोन दिवसांनी खाली आला. मंजूर, असा एका शब्दाचा शेरा आणि सही होती. साहेबांनी तो स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवला. पुढे वर्षभरात ते कारखाना सोडून गेले. मी सात नंबरचा कागद काढला, टीप खोडून धोका लिहिलं. त्याच दिवशी फुल्यांची चौकट आली, यादीत ओळ आली, सोमवारी ती मोठ्यानं वाचली गेली आणि पेंटरनं पत्रा लाल केला. सगळं कसं झटपट, जिथल्या तिथे. यंत्रणा चांगलीच होती.

दादांना बरं झाल्यावर सायकल स्टँडवर बसवलं. जेवणाच्या सुट्टीत ते कधी कधी प्रेस शॉपच्या बाजूला चक्कर मारत. एकदा मी कँटीनमधून परत येताना त्यांना शॉपच्या दारात पाहिलं. प्रेसवर नव्यानं लागलेल्या दोघा-तिघांना ते काहीतरी दाखवत होते. डाव्या हाताचं बोट सात नंबरच्या फलकाकडे होतं आणि उजवा हात त्यांनी सवयीनं सदऱ्याच्या खिशात लपवला होता. मी त्यांच्या मागे पोचले ते त्यांना दिसलं नाही.

"ते लाल बघितलंत का? आधी नव्हतं," दादा सांगत होते. "माझं असं झालं ना, तर माझ्या पोरीनं केलं. दुसऱ्या कुणाचं हुयाला नगं म्हणून. लई शिकलेली हाय ती."